अनागरिक (लात्व्हिया)

अनागरिक (लात्व्हियन भाषेत 'नेपिल्सोनिस') ही लात्व्हिया या बाल्टिक देशाच्या कायद्यातील व्यक्तींची एक स्वतंत्र श्रेणी होय. सोव्हिएत संघाच्या विघटनाबरोबर ज्यांचे सोव्हिएत नागरिकत्व संपुष्टात आले, परंतु ज्यांना लात्व्हियाचे नागरिकत्व मिळाले नाही आणि ज्यांनी अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व घेतले नाही, अशा कायम रहिवाशांचा या श्रेणीत समावेश होतो. १९९१ च्या अखेरीस देशातील सुमारे सात लाख लोक, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश रहिवासी, या स्थितीत सापडले. त्यांतील बहुसंख्य रशियन होते. उरलेल्यांत बेलारूशियन, युक्रेनियन व पोलिश लोकांचे प्रमाण मोठे होते.

साम्यवादी राजवटींच्या पतनानंतर मध्य व पूर्व युरोपात अल्पसंख्याकांच्या हक्कांचे अनेक प्रश्न उभे राहिले. रुमानिया व स्लोव्हाकियातील हंगेरियन, बल्गेरियातील तुर्क आणि अनेक देशांत विखुरलेले रोमा हे त्यांतील ठळक समाज होत. लात्व्हियाचा प्रश्न यांहून निराळा आहे. रुमानियातील हंगेरियन माणूस अल्पसंख्य असला तरी रुमानियाचा नागरिक होता, मतदार होता आणि आपली तक्रार संसदेत मांडू शकत होता. लात्व्हियात अल्पसंख्याकांना कोणते संरक्षण द्यावे याच्या आधीचाच प्रश्न वादाचा ठरला : ज्या लोकांचे हे राज्य, त्या लोकांत कोणाला मोजावे?

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लात्व्हियाने १८ नोव्हेंबर १९१८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. १९२२ मध्ये स्वीकारलेले संविधान ('सात्व्हेर्स्मे') आजही, दुरुस्त्यांसह, अमलात आहे. पहिल्या प्रजासत्ताकाचे अल्पसंख्याक-धोरण त्या काळाच्या मानाने उदार होते. १९१९ च्या कायद्याने जर्मन, रशियन, ज्यू व पोलिश समाजांना आपापल्या भाषेतील शाळा शासकीय खर्चाने चालवण्याची मुभा मिळाली होती. १५ मे १९३४ रोजी पंतप्रधान कार्लिस उल्मानिस यांनी संसद बरखास्त करून सत्ता हाती घेतली, तेव्हा लोकशाही संपली आणि ही शालेय स्वायत्तताही आवळली गेली. १९३५ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत लात्व्हियन वंशीयांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश, तर रशियनांचे एक-दशांशाच्या आसपास होते.

जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने देश व्यापला आणि ऑगस्टमध्ये तो सोव्हिएत संघात विलीन करण्यात आला. पुढील दहा वर्षांत या छोट्या देशाच्या लोकसंख्येची घडी पार विस्कटली. १४ जून १९४१ रोजी सुमारे १५ हजार व २५ मार्च १९४९ रोजी सुमारे ४२ हजार लोकांना सायबेरिया व अन्य दूरच्या प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. १९४१ ते १९४४ या नाझी ताब्याच्या काळात सुमारे ७० हजार ज्यूंची हत्या झाली; एकट्या रुंबुलाच्या जंगलात दोन दिवसांत सुमारे २५ हजार माणसे मारली गेली. जर्मन समाज युद्धाच्या प्रारंभीच हिटलरच्या सरकारशी झालेल्या करारान्वये जर्मनीच्या ताब्यातील प्रदेशात निघून गेला होता. १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परतताना दिसताच लाखाहून अधिक लात्व्हियन पश्चिमेकडे पळाले.

रिकाम्या झालेल्या जागा आणि नव्याने उभे राहिलेले कारखाने सोव्हिएत संघाच्या अन्य भागांतून आलेल्या लोकांनी भरले. ते कामगार, अभियंते, रेल्वे कर्मचारी, सैनिक व त्यांची कुटुंबे होती. आपण परदेशात स्थायिक होत आहोत, असे त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटण्याचे कारणच नव्हते; त्यांच्या दृष्टीने ते एका देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात आले होते. लात्व्हियनांच्या दृष्टीने मात्र ते एका आक्रमक सत्तेच्या आधाराने आलेले वसाहतकार होते. पुढचा सारा वाद या दोन आकलनांच्या संघर्षातून निर्माण झाला, आणि दोन्ही आकलनांना वस्तुस्थितीचा आधार आहे ही त्यातील अडचण होय.

१९८९ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे २६ लाख ६७ हजार होती. तीत लात्व्हियन ५२ टक्के आणि रशियन ३४ टक्के होते. राजधानी रिगामध्ये लात्व्हियन लोक केवळ ३६ टक्क्यांच्या आसपास होते. देशातील दुसरे मोठे शहर दाउगाव्हपिल्स येथे तर ते अगदीच थोडे उरले होते. भाषेचे चित्र याहून विषम होते. बहुतेक लात्व्हियनांना रशियन येत असे, पण लात्व्हियातील रशियनांपैकी साधारणतः पाचांतील एकालाच लात्व्हियन येत होती. दुकानात, दवाखान्यात वा कचेरीत दहा जणांत एक रशियन-भाषक असला तरी सर्वांचे संभाषण रशियनमध्ये वळत असे. आपल्याच देशात आपली भाषा अल्पसंख्याकांची होईल, ही भीती स्वातंत्र्य-चळवळीच्या मुळाशी होती.

नागरिकत्वाचा निर्णय

१९८८ मध्ये स्थापन झालेली 'लोकआघाडी' ही स्वातंत्र्य-चळवळीची मुख्य संघटना होती. मार्च १९९० मध्ये सर्वोच्च परिषदेची निवडणूक झाली आणि तीत वंश वा पूर्वजांचा विचार न करता सर्व रहिवाशांनी मतदान केले. याच परिषदेने ४ मे १९९० रोजी २०१ पैकी १३८ मतांनी स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेची घोषणा केली. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत दलांच्या कारवाईच्या भीतीने रिगाच्या रस्त्यांवर लोकांनी अडथळे उभारले, तेव्हा त्यांत रशियन-भाषकही सामील झाले होते. ३ मार्च १९९१ च्या सार्वमतातही सर्व रहिवाशांना मताधिकार होता. सुमारे ७४ टक्के मते स्वतंत्र व लोकशाही लात्व्हियाच्या बाजूने पडली. लोकसंख्येत लात्व्हियनांचे प्रमाण जेमतेम निम्म्याहून अधिक होते हे ध्यानात घेता, हा कौल रशियन-भाषकांच्या बऱ्याच मतांशिवाय शक्य नव्हता हे उघड आहे.

२१ ऑगस्ट १९९१ रोजी, मॉस्कोतील फसलेल्या उठावाच्या काळात, लात्व्हिया प्रत्यक्षात स्वतंत्र झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १५ ऑक्टोबर १९९१ रोजी, सर्वोच्च परिषदेने नागरिकत्वाविषयीचा ठराव संमत केला. १७ जून १९४० रोजी जे लात्व्हियाचे नागरिक होते ते व त्यांचे वंशज हेच नागरिक, असे त्यात ठरले. इतरांचा निर्णय पुढील कायद्यावर सोडण्यात आला.

या ठरावामागील विचारसरणीला 'राज्याचे सातत्य' असे म्हणतात. १९४० चे विलीनीकरण बेकायदा होते, म्हणून लात्व्हियाचे राज्य कायद्याच्या दृष्टीने कधीच नष्ट झाले नव्हते. १९९१ मध्ये नवे राज्य जन्मले नाही, तर व्यापलेले राज्य मुक्त झाले. राज्य जुनेच असेल तर त्याचे नागरिकही जुनेच, हा त्याचा तर्कशुद्ध निष्कर्ष होय. अमेरिकेसह अनेक पाश्चात्त्य देशांनी ते विलीनीकरण कधीच मान्य केले नसल्यामुळे या भूमिकेला आंतरराष्ट्रीय आधारही होता.

हा निकष वंशाचा नव्हता, ही बाब टीकाकारांकडून अनेकदा निसटते. सतराव्या शतकात रशियन चर्चमधील विधी-सुधारणा नाकारून लाटगाले प्रांतात आश्रयाला आलेल्या 'जुन्या श्रद्धे'च्या रशियन कुटुंबांचे वंशज आपोआप नागरिक ठरले. उलट, युद्धापूर्वीच रशियात स्थायिक झालेल्या लात्व्हियन कुटुंबांतील जे लोक सोव्हिएत काळात परतले, ते प्रारंभी वगळले गेले. तथापि निकषाची भाषा वंशनिरपेक्ष असली तरी त्याचा परिणाम वंशनिरपेक्ष नव्हता. वगळलेल्यांत लात्व्हियन अत्यल्प होते, आणि पुढे दुरुस्ती करून त्यांच्यासाठी सोपा मार्गही काढण्यात आला.

रशियन-भाषकांच्या मनात राहिलेली जखम वेगळीच होती. मार्चमध्ये ज्यांच्या मताने स्वातंत्र्याचा कौल भक्कम झाला, त्यांपैकी अनेकांना ऑक्टोबरमध्ये सांगण्यात आले की, ते या राज्याचे घटक नाहीत. शिवाय ज्या सर्वोच्च परिषदेने हा ठराव केला, ती त्यांच्याही मतांनी निवडून आली होती. जून १९९३ मध्ये 'सायमा' या संसदेची युद्धोत्तर काळातील पहिली मुक्त निवडणूक झाली, तेव्हा देशातील प्रौढ रहिवाशांपैकी मोठा भाग मतदानापासून दूर होता. आणि नागरिकत्वाचा कायदा याच संसदेने करायचा होता.

१९९४ चा कायदा आणि 'खिडक्या'

पहिल्या मसुद्यात दरवर्षी किती जणांना नागरिकत्व द्यायचे याची संख्या ठरवून देणारी तरतूद होती. राष्ट्राध्यक्ष गुंतिस उल्मानिस यांनी तो मसुदा फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवला. (हे १९३४ मध्ये लोकशाही गुंडाळणाऱ्या कार्लिस उल्मानिस यांच्या भावाचे नातू.) २२ जुलै १९९४ रोजी संमत झालेल्या कायद्यात संख्येची मर्यादा गेली आणि तिच्या जागी 'खिडक्यां'ची पद्धत आली. वयोगट व जन्मस्थान यांनुसार टप्प्याटप्प्याने अर्जाचा हक्क खुला व्हायचा होता. १९९६ मध्ये लात्व्हियात जन्मलेल्या १६ ते २० वर्षांच्या तरुणांची पाळी होती. लात्व्हियाबाहेर जन्मलेल्या वयस्कांना २००० नंतरपर्यंत थांबावे लागणार होते. अर्जदाराला लात्व्हियन भाषेची तसेच इतिहास, संविधान व राष्ट्रगीत यांची परीक्षा द्यावी लागे आणि निष्ठेची शपथ घ्यावी लागे.

१२ एप्रिल १९९५ च्या स्वतंत्र कायद्याने उरलेल्यांना 'अनागरिक' हा दर्जा मिळाला व त्यांच्यासाठी जांभळ्या रंगाचे पारपत्र आले. त्या सुमारास त्यांची संख्या सात लाखांहून अधिक होती.

अपेक्षेच्या विरुद्ध, खिडक्यांपाशी गर्दी झाली नाही. पात्र ठरलेल्यांपैकी अगदी थोड्यांनीच अर्ज केले. याची कारणे अनेक होती. भाषेची परीक्षा, विशेषतः उतारवयातील कामगारांना, अवघड वाटे. तरुणांना सक्तीची लष्करी सेवा नको होती. रशियात राहणाऱ्या नातेवाइकांकडे जाणे अनागरिकांना अधिक सोपे होते. काहींनी स्पष्टपणे सांगितले की, जे मुळातच आपले असायला हवे होते त्यासाठी परीक्षा देणे हा अपमान आहे. इतिहासाच्या परीक्षेत १९४० च्या घटनेला 'व्याप' म्हणावे लागे. ज्या घरात लाल सैन्यातून लढलेल्या आजोबांचे छायाचित्र भिंतीवर होते, तेथे हे उत्तर लिहिणे सोपे नव्हते. या सबबी होत्या असे काही लात्व्हियन राजकारणी म्हणत आले आहेत. सबबी व कारणे यांची सरमिसळ असावी असे मानणे अधिक न्याय्य ठरेल.

३ मार्च १९९८ रोजी रिगा नगरपालिकेसमोर जमलेल्या, प्रामुख्याने रशियन-भाषक निवृत्तिवेतनधारकांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. रशियाने आर्थिक निर्बंधांची धमकी दिली, तर पश्चिम युरोपातून कायदा सैल करण्याचा आग्रह वाढला. त्या वर्षी जूनमध्ये खिडक्या रद्द झाल्या आणि २१ ऑगस्ट १९९१ नंतर लात्व्हियात जन्मलेल्या अनागरिकांच्या मुलांना, पालकांनी अर्ज केल्यास, परीक्षेविना नागरिकत्व देण्याची तरतूद झाली. विरोधकांनी सह्या गोळा करून या दुरुस्त्यांवर सार्वमत घडवून आणले. ३ ऑक्टोबर १९९८ रोजी सुमारे ५३ टक्के मतदारांनी दुरुस्त्यांच्या बाजूने कौल दिला. या सार्वमतात ज्यांचे भवितव्य ठरत होते त्यांना मत नव्हते. तरीही जे नागरिक होते त्यांनी, थोड्या फरकाने का होईना, दार उघडले. लात्व्हियाच्या लोकशाहीच्या मूल्यमापनात या प्रसंगाला मिळते त्याहून अधिक महत्त्व मिळायला हवे.

अधिकार व मर्यादा

अनागरिक देशात कायम राहू शकतात, नोकरी-व्यवसाय करू शकतात, निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा घेऊ शकतात, आणि परदेशात त्यांना लात्व्हियाच्या वकिलातीचे संरक्षण मिळते. त्यांना संसदीय, स्थानिक किंवा युरोपियन संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही व उमेदवारही होता येत नाही. न्यायाधीश, पोलीस, नागरी सेवेतील अधिकारी अशी पदे त्यांना बंद आहेत. २००७ पासून युरोपियन संघाच्या बहुतेक देशांत ते व्हिसाविना प्रवास करू शकतात. तेथे नोकरी करण्याचा संघ-नागरिकांचा हक्क मात्र त्यांना नाही.

लात्व्हियाच्या संविधान न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले की, अनागरिक हे नागरिक नव्हेत, परकीय नव्हेत आणि देशहीनही नव्हेत. त्यांचा दर्जा स्वतंत्र आहे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था मात्र आपल्या आकडेवारीत त्यांची गणना देशहीनांत करत आली आहे व लात्व्हिया त्याला हरकत घेत आला आहे. मराठीत 'देशहीन' आणि 'अनागरिक' हे शब्द समानार्थी वाटण्याचा संभव आहे. लात्व्हियाच्या कायद्यात ते तसे नाहीत.

भाषा, शाळा आणि नावे

लात्व्हियन ही राज्यभाषा असल्याचे ५ मे १९८९ रोजी, सोव्हिएत काळातच, घोषित झाले होते. पुढे अनेक व्यवसायांसाठी भाषेचे प्रमाणपत्र आवश्यक झाले आणि त्याच्या तपासणीसाठी निरीक्षक नेमले गेले. जुलै १९९९ मध्ये संसदेने खाजगी व्यवहारांतही लात्व्हियनची सक्ती करणारा कायदा केला, तेव्हा नुकत्याच निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष व्हाइरा व्हीके-फ्रायबेर्गा यांनी तो परत पाठवला. बालपणीच निर्वासित होऊन कॅनडात प्राध्यापक झालेल्या या विदुषीचा हा पहिल्या मोठ्या निर्णयांपैकी एक होता. डिसेंबरमध्ये आलेल्या सुधारित कायद्यात खाजगी क्षेत्रातील सक्ती सार्वजनिक हिताच्या बाबींपुरती मर्यादित झाली.

शाळांचा प्रश्न अधिक तापला. सोव्हिएत काळातील रशियन माध्यमाच्या शाळा स्वातंत्र्यानंतरही शासकीय खर्चाने चालू होत्या. २००४ पासून माध्यमिक वर्गांत पूर्णतः लात्व्हियन माध्यम आणायचे ठरले, तेव्हा रिगाच्या रस्त्यांवर हजारो विद्यार्थी उतरले. अखेर ६० टक्के अध्यापन लात्व्हियनमध्ये व उरलेले अल्पसंख्याकांच्या भाषेत अशी तडजोड झाली. वयस्क अनागरिकांनी जे आंदोलन कधी उभारले नाही, ते शाळकरी मुलांनी उभारले. त्यांतील बहुतेकांना लात्व्हियन चांगली येत होती ही त्यातील लक्षणीय बाब.

नावांचा वाद बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतो. लात्व्हियन व्याकरणानुसार प्रत्येक नामाला लिंग-विभक्तीचा प्रत्यय लागतो व परकीय नावेही उच्चाराप्रमाणे लिहिली जातात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश लात्व्हियन वृत्तपत्रांत 'जॉर्जस बुशस' होत. हाच नियम पारपत्रांना लागू झाल्यावर रशियन व ज्यू पुरुषांच्या नावांना 'स' जोडला गेला. मानवी हक्कांच्या युरोपियन न्यायालयाने अशा तक्रारी फेटाळल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने मात्र २०१० मध्ये एका प्रकरणात, संमतीविना नाव बदलणे हा खाजगी जीवनातील मनमानी हस्तक्षेप आहे, असे मत दिले.

आंतरराष्ट्रीय दबाव आणि न्यायनिवाडे

युरोपीय सुरक्षा व सहकार्य परिषदेने (पुढे संघटनेने) १९९२ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठी उच्चायुक्ताचे पद निर्माण केले. पहिले उच्चायुक्त, नेदरलँड्सचे माजी परराष्ट्रमंत्री माक्स व्हान देर श्टूल, १९९३ ते २००१ या काळात रिगा व टालिन येथे वारंवार गेले. त्यांनी 'राज्याचे सातत्य' या भूमिकेला आव्हान दिले नाही. त्यांचा भर परीक्षा सोपी करणे, शुल्क कमी करणे आणि मुलांना देशहीन न ठेवणे यांवर होता. दुसरा दबाव युरोपियन संघाचा. १९९३ च्या कोपनहेगन निकषांत अल्पसंख्याकांचा आदर व संरक्षण ही सदस्यत्वाची अट होती.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. ही अट अर्जदारांना लागू होती. जुन्या सदस्यांना तशी कोणतीच कसोटी नव्हती. राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या युरोपीय चौकट-करारावर फ्रान्सने आजतागायत सही केलेली नाही. लात्व्हियाने तो करार २००५ मध्ये, म्हणजे १ मे २००४ रोजी संघाचा सदस्य झाल्यानंतर, मंजूर केला. सदस्यत्वाविषयी २० सप्टेंबर २००३ रोजी झालेल्या सार्वमतात अनागरिकांना मत नव्हते. प्रवेश मिळताच बाहेरचा दबाव ओसरला.

न्यायालयीन मार्गाने जे साधले ते मर्यादित, परंतु ठोस होते. 'पोद्कोल्झिना विरुद्ध लात्व्हिया' या प्रकरणातील महिला अनागरिक नव्हती, नागरिक होती. १९९८ च्या निवडणुकीत उमेदवारीसाठी आवश्यक ते भाषा-प्रमाणपत्र तिच्याकडे होते. तरीही एका निरीक्षकाने तिच्या कामाच्या ठिकाणी येऊन पुन्हा परीक्षा घेतली आणि तिचे नाव यादीतून वगळले गेले. युरोपियन न्यायालयाने २००२ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी उमेदवारांसाठीची भाषेची अट रद्द झाली आणि त्याच वेळी संसदेची कामकाजाची भाषा लात्व्हियन असल्याचे संविधानात नमूद करण्यात आले.

२००९ चे 'आंद्रेयेव्हा' प्रकरण निवृत्तिवेतनाचे होते. अर्जदार महिलेने प्रत्यक्षात लात्व्हियातच काम केले होते, पण काही वर्षे तिची आस्थापना लात्व्हियाबाहेरच्या सोव्हिएत मुख्यालयाशी जोडलेली होती. नागरिकांच्या बाबतीत अशी वर्षे धरली जात, अनागरिकांच्या बाबतीत नाही. न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. २०२२ मध्ये मात्र 'साव्हिकिस' प्रकरणात त्याच न्यायालयाच्या महापीठाने, लात्व्हियाबाहेर केलेल्या कामाबाबत, राज्याची बाजू उचलून धरली. बेकायदा व्यापानंतर पुनःस्थापित झालेल्या राज्याला आपल्या नागरिकांकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्याची मुभा असते आणि नागरिकत्व घेण्याचा मार्ग अर्जदारांना खुला होता, हे त्यामागील मुद्दे होते.

राजकीय प्रतिनिधित्व

नागरिकत्व मिळालेल्या रशियन-भाषकांची मते मुख्यतः 'सुसंवाद' या पक्षाकडे वळली. २०११, २०१४ व २०१८ या तिन्ही संसदीय निवडणुकांत त्याला सर्वाधिक जागा मिळाल्या; २०११ मध्ये १०० पैकी ३१. एकदाही त्याला मंत्रिमंडळात घेतले गेले नाही. रिगाच्या नगरपालिकेत मात्र या पक्षाचे नील्स उशाकोव्ह २००९ ते २०१९ महापौर होते. ते स्वतः १९९९ पर्यंत अनागरिक होते.

१८ फेब्रुवारी २०१२ रोजी रशियनला दुसरी राज्यभाषा करण्याविषयी सार्वमत झाले. सुमारे ७५ टक्के मते विरोधात व २५ टक्के बाजूने पडली. प्रस्ताव हरणार हे त्याच्या प्रवर्तकांनाही ठाऊक होते. तरी या मतदानाने दोन्ही समाज जितके दूर गेले, तितके आधीच्या दशकभरातल्या कोणत्याही कायद्याने गेले नव्हते.

शेजारी देशांशी तुलना

लिथुएनियाने ३ नोव्हेंबर १९८९ च्या कायद्याने जवळजवळ सर्व कायम रहिवाशांना नागरिकत्व खुले केले. तेथे लिथुएनियनांचे प्रमाण ८० टक्के होते, हे विसरून या औदार्याची तुलना करता येत नाही.

एस्टोनियाने लात्व्हियासारखेच सातत्याचे तत्त्व स्वीकारले आणि तेथेही सुरुवातीस सुमारे ३२ टक्के रहिवासी अनिश्चित नागरिकत्वाचे झाले. १९९२ च्या संसदेत एकही रशियन सदस्य नव्हता. जून १९९३ मध्ये परकीयांविषयीचा कडक कायदा संमत झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लेन्नार्त मेरी यांनी तो सही न करता युरोपीय संस्थांच्या अभिप्रायासाठी पाठवला. जुलैमध्ये नार्व्हा व सिल्लामाए या रशियन-बहुल शहरांनी स्वायत्ततेसाठी सार्वमत घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि वाद तेथेच शमला. एस्टोनियाने एक गोष्ट वेगळी केली : कायम वास्तव्य असलेल्या बिगर-नागरिकांना १९९३ पासून स्थानिक निवडणुकांत मताधिकार दिला. आपल्या गावची शाळा, बस व नळ यांविषयी मत देता येणे आणि न येणे यांतला फरक, तीन दशके दोन्ही देशांत समांतर पाहता आला. मार्च २०२५ मध्ये एस्टोनियाने संविधान बदलून रशिया व बेलारूसच्या नागरिकांचा हा हक्क काढून घेतला. देशहीनांचा हक्क त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील निवडणुकीनंतर संपेल असे ठरले.

अभ्यासकांची मते

समाजशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रुबेकर यांनी १९९६ मध्ये मांडले की, पूर्व युरोपातील असे संघर्ष दुहेरी नसून तिहेरी असतात : राष्ट्र घडवू पाहणारे राज्य, त्यातील अल्पसंख्याक आणि त्या अल्पसंख्याकांवर हक्क सांगणारी बाहेरची 'मातृभूमी'. लात्व्हियाच्या बाबतीत तिसरा कोन विशेष टोकदार आहे. ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंत रशियन सैन्य देशात होते, आणि रशियन-भाषकांच्या हक्कांचा मुद्दा मॉस्कोने सातत्याने परराष्ट्रधोरणाचे साधन म्हणून वापरला. त्यामुळे प्रत्येक रास्त तक्रारीवरही परकीय हस्ताचा संशय घेतला गेला. भूगोलतज्ज्ञ ग्रॅहम स्मिथ यांनी एस्टोनिया व लात्व्हिया यांना 'वांशिक लोकशाही' म्हटले. ही संज्ञा मूळ सॅमी स्मूहा यांनी इस्रायलसंदर्भात वापरली होती. या वर्णनाला, नागरिकत्वाचा मार्ग सर्वांना खुला होता, असा आक्षेप घेण्यात येतो.

राज्यशास्त्रात हा 'लोक' ठरवण्याचा प्रश्न म्हणून ओळखला जातो व रॉबर्ट डाल यांनी तो विस्ताराने चर्चिला आहे. मतदानाने सर्व काही ठरवता येते, पण मतदार कोण हे मतदानाने ठरवता येत नाही. ते आधीच कोणीतरी ठरवलेले असावे लागते. लात्व्हियात ते १९४० च्या नोंदवह्यांनी ठरवले. डाल यांचा स्वतःचा कल, कायद्यांच्या अधीन राहणाऱ्या सर्व प्रौढांना लोकांत गणावे, असा आहे. व्यापलेल्या देशात व्यापकर्त्याने आणलेल्या लोकसंख्येला हे तत्त्व कसे लावायचे, याचे सर्वमान्य उत्तर मात्र सिद्धान्तात नाही.

सद्यस्थिती

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर आणि विशेषतः फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर लात्व्हियाचे धोरण कठोर झाले. २५ ऑगस्ट २०२२ रोजी रिगातील सोव्हिएत विजयस्मारकाचा ७९ मीटर उंचीचा स्तंभ पाडण्यात आला. दर ९ मे रोजी हजारो रशियन-भाषक येथे फुले वाहत असत. त्याच वर्षीच्या कायद्यानुसार सप्टेंबर २०२३ पासून तीन वर्षांत सर्व शालेय शिक्षण लात्व्हियन माध्यमात न्यायचे ठरले. ऑक्टोबर २०२२ च्या निवडणुकीत 'सुसंवाद' पक्षाला ५ टक्क्यांची किमान मर्यादाही गाठता आली नाही.

याच काळात एका अनपेक्षित गटावर संकट आले. काही अनागरिकांनी पूर्वीच, रशियातील निवृत्तीचे कमी वय किंवा प्रवासाची सोय पाहून, रशियन नागरिकत्व घेतले होते. २०२२ च्या दुरुस्तीने अशा सुमारे २५ हजार लोकांना लात्व्हियात राहण्यासाठी भाषेची प्राथमिक परीक्षा आवश्यक झाली, आणि साठी-सत्तरीतील स्त्री-पुरुष प्रथमच परीक्षेच्या बाकावर बसले. जे अनागरिकच राहिले होते त्यांना ही परीक्षा लागू नव्हती.

अनागरिकांची संख्या १९९५ मधील सात लाखांहून अधिकवरून २०२० पर्यंत दोन लाखांच्या किंचित वर आली. सुमारे दीड लाख लोकांनी परीक्षा देऊन नागरिकत्व मिळवले. बाकीची घट मुख्यतः मृत्यू, स्थलांतर व अन्य देशांचे नागरिकत्व घेतल्याने झाली. राष्ट्राध्यक्ष एगिल्स लेव्हित्स यांच्या प्रस्तावावरून संमत झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२० पासून लात्व्हियात जन्मलेले अनागरिकांचे मूल, पालकांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न निवडल्यास, आपोआप नागरिक होते. त्यापूर्वीही अनागरिक म्हणून नोंद होणारी बालके वर्षाला शंभराच्या आतच होती. आता या श्रेणीत नवी भर पडत नाही, आणि तीत उरलेल्यांमध्ये उतारवयातील लोकांचे प्रमाण मोठे आहे.